तुटलेली बेडी: बर्लिनची की वॉशिंग्टनची?

युद्धप्रचाराच्या टपाल तिकिटांचा संग्रह सुरू करायचाय, पण खिशात पैसे एकाच संचापुरते आहेत? मग निवड बहुतेक या दोन संचांतच होईल: आझाद हिंद किंवा अमेरिकेचे झेंडे. दोन्ही १९४३ च्या आसपासचे, एकमेकांशी लढणाऱ्या देशांत छापलेले. गंमत म्हणजे, तुटलेली बेडी दोन्हींवर आहे.

सुभाषचंद्र बोसांच्या आझाद हिंदची तिकिटं बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. चित्रं काढली अॅक्स्टर-हॉइडलास या जर्मन नवरा-बायकोनं. नांगरणारा शेतकरी, सूत कातणारी बाई, जखमी सैनिकाजवळची परिचारिका, साखळ्या तुटलेला भारताचा नकाशा आणि मशीनगन रोखलेला शीख सैनिक. चरखा आणि जर्मन मशीनगन एकाच संचात! गांधीजींनी काय म्हटलं असतं कोण जाणे. काहींवर दर ‘१+२ रुपये’ असा जोडीनं आहे, म्हणजे टपालखर्चावर वर्गणी. पण ही तिकिटं टपालात कधी आलीच नाहीत. त्यामुळे टपालाचा शिक्का असलेलं आझाद हिंद दाखवून कुणी जादा पैसे मागितले, तर नमस्कार करून निघावं. साधी दातेरी तिकिटं फार महाग नाहीत. १+२ रुपयांचं तिरंगी तिकीट मात्र दुर्मिळ आहे. ते जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

अमेरिकेनं १९४३-४४ मध्ये शत्रूनं गिळलेल्या तेरा देशांचे झेंडे तिकिटांवर छापले. प्रत्येकी ५ सेंट, सुरुवात पोलंडपासून, शेवट कोरियानं. इतके रंग सरकारी छापखान्याला जमेनात, म्हणून काम अमेरिकन बँक नोट कंपनीला दिलं. झेंड्याच्या एका बाजूला राखेतून उठणारा फिनिक्स, दुसऱ्या बाजूला बेडी तोडणारी स्त्री. जपानच्या ताब्यातला कोरिया यादीत आहे. ब्रिटनच्या ताब्यातला भारत अर्थातच नाही. प्रचार कळायला ही वगळलेली जागाच पुरे. कोरियाच्या काही तिकिटांवर अक्षर बिघडून ‘कोरपा’ झालंय, ते शोधण्यात वेगळीच मजा.

नवख्याला झेंडेच सोपे. स्वस्त, आणि वापरलेलीही सहज मिळतात. आझाद हिंद कोरंच घ्यावं लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात कोऱ्या तिकिटाचा गोंद पानाला चिकटला की संपलंच.

हिटलरची कवटी दाखवणारं अमेरिकी हेरखात्याचं बनावट तिकीट सगळ्यांनाच हवं असतं. त्याच्याही नकला बाजारात इतक्या आहेत की पहिल्या खरेदीत तिकडे फिरकूच नये.

तरी माझं मत आझाद हिंदकडे झुकतं. झेंडे बघून होतात. हा संच मात्र प्रश्न विचारत राहतो: हे स्वातंत्र्य कुणाचं, आणि छापलं कुणी? त्यातली चार-पाच साधी तिकिटं घ्या आणि उरलेल्या पैशांत नाशिकला छापलेलं, महायुद्धातल्या विजयाचं १९४६ चं ‘व्हिक्टरी’ तिकीट, सहाव्या जॉर्जच्या डोक्याचं, वापरलेलं चालेल. ही तिकिटं जानेवारीत निघू लागली तेव्हा लाल किल्ल्यातला आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरचा पहिला खटला नुकताच संपला होता. अल्बममध्ये दोन्ही एकाच पानावर लावा.