आवाज की ॲप? आठ महिने वापरून झाल्यावर

एक स्मार्ट स्पीकर, पाच स्मार्ट बल्ब, दोन प्लग आणि पंख्याचा एक स्विच. हे सगळं स्पीकरला बोलून चालवता येतं, नाहीतर फोनवरच्या ॲपने. पहिल्या आठवड्यात घरातले सगळे दिवसभर स्पीकरशी बोलत होते. आता त्यातलं काय उरलंय ते सांगतो.

जोडणी ॲपशिवाय होत नाही, आणि तिथेच माझी अख्खी संध्याकाळ गेली. राउटरच्या वाय-फायचे सहसा दोन पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. अशा बहुतेक बल्बना 2.4 गिगाहर्ट्झचंच वाय-फाय चालतं. माझा फोन राउटरच्या 5 गिगाहर्ट्झवर. बल्ब लुकलुकतोय, ॲपमध्ये चाक फिरतंय आणि शेवटी 'डिव्हाइस सापडलं नाही'. राउटरमधलं 5 गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद केलं, दोन मिनिटांत काम झालं.

हात साबणाने माखलेले असतील तर आवाजाला तोड नाही. तेच फोनवरून करायचं तर फोन शोधा, लॉक काढा, ॲप उघडा, यादी येईपर्यंत थांबा. तेवढ्यात माणूस उठून बटण दाबून येतो. आईने ॲप एकदाही उघडलेलं नाही. स्पीकरला मात्र ती दटावून हुकूम सोडते आणि तो मुकाट ऐकतो.

नावं देताना घाई करू नका. मी बल्बलाही 'बेडरूम' आणि खोलीलाही 'बेडरूम' असं नाव दिलं होतं. 'बेडरूम बंद' म्हटलं की ऐन उकाड्यात पंखाही बंद! आता त्या बल्बचं नाव 'टेबल लॅम्प' आहे.

एकदा रात्री मुलगी नुकतीच झोपली होती. कुजबुजत लाइट बंद करायला सांगितलं, ऐकलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं, तरी नाही. तिसऱ्यांदा ऐकलं आणि दिवसाच्याच खणखणीत आवाजात 'ओके' म्हणाला. मुलगी टुणकन उठून बसली. उत्तराऐवजी नुसता टोन वाजवायची सेटिंग मला नंतर सापडली, पण रात्री मी अजूनही फोनच वापरतो.

इंटरनेट गेलं की माझा स्पीकर कामातून जातो. त्याला मारलेली हाक तो स्वतः ओळखतो, पण पुढचं वाक्य कळायला ते सर्व्हरपर्यंत जावं लागतं. बल्बचं ॲप घरच्या वाय-फायवरून थेट बोलत असल्यामुळे तेव्हाही चालतं. सगळ्यांचं तसं नसतं, घेण्याआधी बघून घ्या. 2022 मध्ये आलेलं मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं स्टँडर्ड) घरातल्या घरात चालतं, म्हणून दुसरा प्लग मी त्याचं चिन्ह बघूनच घेतला.

ॲपची खरी किंमत कळते ती बाहेर पडल्यावर. अर्ध्या वाटेत इस्त्रीची शंका आली, फोन काढला, प्लगवर 0 वॉट. जीव भांड्यात पडला. (इस्त्री लावण्याआधी प्लगवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा.) समोर दिसतंय ते तोंडाने, नजरेआड आहे ते फोनवर, अशी आमच्याकडे आपोआप वाटणी झाली आहे.

दोघांनाही हरवतं ते भिंतीवरचं जुनं बटण. कुणी सवयीने ते दाबलं की बल्बचा वीजपुरवठाच तुटतो, मग ओरडा नाहीतर ॲप उघडा. बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. काल ते मीच बंद केलं.