रिफ्रेश्ड की रिजुव्हिनेटेड? मेरियम-वेब्स्टरचं कुठलं पान उघडावं

‘लाइव्हली’, ‘एक्सायटेड’, ‘रिफ्रेश्ड’ यांच्या जागी दुसरा इंग्रजी शब्द हवा असेल, तर मेरियम-वेब्स्टर या इंग्रजी शब्दकोशाचं संकेतस्थळ फुकट आहे आणि कामाचंही. फक्त त्याचं थिसॉरसचं, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशाचं, पान उघडून तिथेच थांबू नका.

त्या पानाचा मथळाच बघा: ‘सिनॉनिम्स अँड सिमिलर वर्ड्स’. म्हणजे समानार्थी आणि नुसते आसपासचे शब्द एकाच टोपलीत. पहिला दिसला तो उचलला की फसगत झालीच म्हणा. खरा माल शब्दकोशाच्या पानावर, व्याख्यांच्या खाली, ‘चूज द राइट सिनॉनिम’ या भागात आहे.

‘रिन्यू’ काढून पाहा. विटलेलं, मोडकळलेलं पुन्हा नव्यासारखं होणं म्हणजे रिन्यू. गेलेलं भरून मूळ स्थिती परत येणं म्हणजे रिस्टोअर. गळालेली ताकद परत यावी म्हणून हवं ते पुरवणं म्हणजे रिफ्रेश. रिनोव्हेटमध्ये साफसफाई, डागडुजी येते, तर रिजुव्हिनेटमध्ये तारुण्य परतण्याची छटा. एका कप चहाने माणूस रिफ्रेश होतो; तिथे ‘रिजुव्हिनेटेड’ लिहिलं की स्पाची जाहिरात वाटते.

‘एनर्व्हेट’वरची टीपही वाचावीच. कानाला एनर्जीसारखा वाटणारा हा शब्द नेमका उलटा: गळून जाणं. ‘सुट्टीनंतर एनर्व्हेटेड वाटतंय’ असं साहेबांना कळवलं, तर ते आणखी सुट्टी मागितल्यासारखं होईल.

‘लाइव्हली’सारखा कुठला शब्द कोणाबद्दल वापरतात, हे सांगण्यात मात्र वेब्स्टर कमी पडतो. ‘स्प्राइटली’ बहुधा वयस्कर माणसाबद्दल, ‘व्हिवेशस’ बहुधा स्त्रीबद्दल वापरतात. हे ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी स्पष्ट सांगते. तिच्यात ‘एक्सायटेड’खाली एलेटेड, युफोरिक, एक्झिलरेटेड यांतले फरकही आहेत. एक्झिलरेटेड विशेषतः शारीरिक हालचालीनंतरचा: गड चढून आल्यावर चालेल, पगारवाढीला एलेटेड बरा. ‘एक्सायटेड’साठीचे ‘स्टोक्ड’, ‘पम्प्ड’, ‘साइक्ड’ हे बोलीतले शब्द मित्रांच्या गप्पांत ठीक, नोकरीच्या अर्जात नकोत.

आपल्या दोन खास चुका कुठलाही थिसॉरस पकडणार नाही. ‘आय ॲम एक्सायटिंग’ म्हणजे ‘मी उत्साहात आहे’ नव्हे, ‘मी इतरांना उत्तेजित करतो’. हवं ते ‘एक्सायटेड’. दुसरी, ‘फ्रेश होऊन येतो’चं ‘गेट फ्रेश’. इंग्रजीत ‘गेट फ्रेश विथ’ म्हणजे कोणाशी आगाऊपणा किंवा लगट करणं. तोंड धुऊन येणार असाल तर ‘फ्रेशन अप’.

आणि वेब्स्टर अमेरिकन आहे. ‘एनर्जाइज्ड’, ‘रिव्हायटलाइज्ड’ची स्पेलिंगं तिथे झेडने दिसतील. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यालयांत एस चालतो. दोन्ही बरोबर, पण एकाच पत्रात दोन्ही नकोत.