आयसीयूतला ताण: मन मोकळं करावं की अर्ज करावा?

जळगाव-धुळ्याकडे एप्रिल-मे तापला की उष्माघाताचे रुग्ण वाढतात, आयसीयूतल्या सिस्टरला पाणी प्यायलाही उसंत नसते. अशा वेळी सोबतिणींशी मोकळं बोललं की रुग्ण दगावल्याचं दुःख खरंच हलकं होतं. कामाचं ओझं मात्र तेवढंच राहतं.

दुसरा मार्ग मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, लेखी अर्जाचा: सलग नाइट नकोत, माणसं वाढवा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार आयसीयूत दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, हे त्यात जरूर लिहावं. वेळ लागतो, वाईटपणाही येतो. तरी मुळात माणसंच कमी असतील तर मी अर्जच निवडेन, आणि तोही सगळ्यांच्या सह्यांनिशी.

झोपच उडाली असेल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत.