क्युकामेलन लावू की काकडीच बरी?

क्युकामेलनच्या बियांच्या पाकिटावरचं चित्र बघून मोह होतोच: द्राक्षाएवढी, अंगावर पट्टे असलेली कलिंगडं! पण हा काकडी आणि कलिंगडाचा संकर नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला हा स्वतंत्र वेल आहे, शास्त्रीय नाव मेलोथ्रिया स्काब्रा. फळ कापलं तर आत लाल गर नाही की गोडवा नाही. चव म्हणाल तर लिंबू पिळलेली काकडी.

गच्चीत एकच मोठी कुंडी रिकामी असेल, तर माझं मत काकडीला. चार-पाच दिवसांत उगवते, दीड-दोन महिन्यांत तोडायला येते, आणि दोन काकड्यांत घरादाराची कोशिंबीर होते. क्युकामेलनची कोशिंबीर करून बघा म्हणजे कळेल. बोराएवढी फळं एकेक करून चिरत बसायची आणि वाटी काही भरत नाही. ते येता-जाता वेलावरून तोडून तोंडात टाकायचं फळ आहे. साल काढायची नाही, अख्खं खायचं. मुलं घरात असतील तर स्वयंपाकघरापर्यंत पोचणारही नाही. फार तर व्हिनेगरमध्ये मिरी-लसूण घालून बरणी भरून ठेवावी, तिथे मात्र ते काकडीपेक्षा सरस, कारण कुरकुरीत राहतं.

त्याच्यासाठी धीर हवा. उगवायलाच दोन आठवडे, कधी तीन. नंतरही महिनाभर दोऱ्यासारखं खोड नुसतं उभं असतं, पाणी घालणाऱ्याला वाटतं गेलं हे. मग अचानक जोर धरतं आणि दोन-अडीच मीटर जाळी व्यापून टाकतं. फुलांचीही उलटी तऱ्हा. काकडीला आधी नर फुलं येतात, इथे बहुधा मादी फुलं आधी येतात. त्यामुळे पहिली फळं हरभऱ्याएवढी होऊन पिवळी पडली तर लगेच खताची पिशवी उघडू नका. नर फुलं येऊ द्या, मधमाश्या पुढचं बघतील.

मग लावायचं कशाला? काकडी लाडावलेली असते म्हणून. पाण्याची एक पाळी चुकली की कडू होते, ढगाळ हवेत भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग, कोवळ्या पानांवर लाल भुंगे, फळ जरा मोठं झालं की फळमाशी. क्युकामेलन या बाबतीत बरंच काटक आहे, कीड कमी, आणि रुजल्यावर पाण्याची थोडी ओढही सोसतं. दरवर्षी काकडीवर औषधं फवारून कंटाळला असाल, तर एक वेल लावून बघायला हरकत नाही. सहा तास ऊन, बारा इंची कुंडी आणि साधी नायलॉनची जाळी पुरते. कुंडीत पाणी साचू देऊ नका. मुळाशी कंद धरतो, तो कुजेल. तोच कंद जगला तर पुढच्या हंगामात पुन्हा फुटतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या मंडळींनी तो बर्फ पडण्याआधी उकरून कोरड्यासर मातीत, घरात ठेवावा.

रोजची भाजी हाच हेतू असेल, तर दोन्ही सोडा आणि तोंडलीचं छाट लावा. मजबूत मांडव आणि वर्षातून एकदा छाटणी एवढंच तिचं मागणं, आणि ती वर्षानुवर्षं देत राहते. मसालेभातातही तीच जाते.

तरी क्युकामेलनच ठरलं असेल, तर बी आधी ट्रेमध्ये लावा, पावसाच्या दोनेक महिने आधी. पाऊस सुरू होईतो रोप तगडं झालेलं असतं. फळ इंचभर आणि टणक असतानाच तोडा, मऊ पडलं की आंबट आणि बियांनी भरलेलं निघतं. ऑनलाइन मागवलेलं बी पेरण्याआधी तळहातावर घेऊन बघा: चपटं आणि काकडीच्या बीच्या निम्म्याएवढंच असतं. काकडीएवढं निघालं तर पाकीट सरळ परत करा.