स्पिनला अडून बसणारं टॉप लोड मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

धुण्याबद्दल माझी तक्रार नाही. कॉलर, बाह्या स्वच्छ निघतात, आवाजही बेताचा आहे. रडगाणं आहे ते शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे कपडे पिळून काढणाऱ्या स्पिनचं. डिस्प्लेवर थोडीच मिनिटं उरलेली असतात, टब फिरायला लागतो, धडधड करतो आणि थांबतो. मग आपणहून पुन्हा पाणी घेतो, कपडे ढवळतो, पाणी सोडतो आणि परत तोच प्रयत्न. आकडा मात्र तिथेच अडकलेला. शेवटी मशीन बीप वाजवून एरर दाखवतं आणि कपडे ठिबकत बाहेर येतात.

मशीन बिघडलं म्हणून लगेच मेकॅनिकला बोलावू नका. वेग वाढवण्याआधी टबमधलं वजन सगळीकडे सारखं पसरलंय का, हे ते तपासतं आणि तसं नसेल तर नकार देतं. हा नकार रास्त आहे. टबची त्रिज्या 25 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 700 फेरे धरला, तर एका बाजूला अर्धा किलो जास्त असलं तरी टबला जवळपास 70 किलो वजनाइतकी ओढ बसते, आणि तिची दिशा सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरते. मशीन जागचं चालायला लागतं ते उगीच नाही.

सगळ्यात उपयोगी चाचणी फुकटची आहे: टब पूर्ण रिकामा करून नुसतं स्पिन लावायचं. रिकामा टब वेग घेऊन सुरळीत फिरला, तर मोटर, बेल्ट, झाकणाचा स्विच यांच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही; दोष बहुतेक भरण्यात असतो. माझ्याकडे हेच निघालं. एकटं पायपुसणं, एकटी जाड जीन्स किंवा गादीचं कव्हर हे खरे गुन्हेगार. कव्हर तर बाकीचे कपडे पोटात घेऊन मोठा गोळा करतं. त्याची बटणं किंवा चेन लावून धुतलं की हा प्रकार खूप कमी होतो. टबात कपडे कमी असले की उलट त्रास जास्त, कारण जड कपड्याला तोलायला समोर काही नसतं. म्हणून पायपुसण्यासोबत मी दोन टॉवेल टाकते. वॉटरप्रूफ चादर किंवा रेनकोट मात्र स्पिनला लावूच नये. आत पाण्याचा फुगा अडकतो, तो ऐन वेगात सुटला की मशीन उसळतं.

रिकामं असतानाही फिरलं नाही, तर आधी टबात पाणी उरलंय का ते बघा. पाणी असेल तोवर स्पिन सुरूच होत नाही. पुष्कळ टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतो, पाणी आपल्या वजनाने उतरतं. अशा वेळी ड्रेन पाइप उंबऱ्यावरून उचलून नेला किंवा भिंतीशी मुडपला की संपलं. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, तिथे खालच्या झाकणामागचा फिल्टर उघडायचा. नाणी, बटणं, हेअरपिना सगळं तिथे सापडतं. पावडर जास्त झाली तर फेसही टबला अडवतो. हाताने धुण्याच्या सवयीने आपण पावडर सढळ हाताने टाकतो, मशीनला ती फार कमी लागते.

पाण्याचं ठीक असेल तर पाय. मशीन कोपऱ्यांवर दाबून बघा. डुगडुगत असेल तर पाय फिरवून लेव्हल करा आणि वरचा नट घट्ट करा, नाहीतर कंपनाने ते पुन्हा सुटतं. लेव्हल नीट असून, कपडे नीट पसरूनही टब कडेला आपटतोय? मग प्लग काढून टब हाताने खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. झोके घेत राहिला तर टब ज्यांवर टांगलेला असतो ते सस्पेंशन रॉड थकलेत. त्यासाठी आणि जळक्या रबराचा वास आला तर मेकॅनिकच हवा. बेल्टमध्ये स्वतः हात घालू नये.

माझी खरी नाराजी मॅन्युअलवर आहे. एररच्या कोडपुढे 'कपडे नीट ठेवा' एवढंच लिहिलंय. कोणते कपडे, कसे ठेवायचे, अवाक्षर नाही. डिस्प्लेवरची वेळही फसवी आहे. तोल साधायला लागणारा वेळ तिच्यात धरलेला नसतो, त्यामुळे घाईच्या दिवशी तिच्या भरवशावर राहू नये.

या कारणासाठी फ्रंट लोड घ्यायचा विचार असेल तर थांबा. तेही तोल तपासतं आणि हजारच्या वर फेरे घेत असल्याने जास्तच काटेकोर असतं. एकटं पायपुसणं तिथेही अडतं.