अमेरिकेतल्या सेटलमेंटचे पैसे नागपुरात बसून मागणे: साडेतीन स्टार

मिहानमध्ये काय अन् धरमपेठेत काय, काही वर्षं अमेरिकेत काढून परत आलेले आता चिक्कार सापडतात, पण तिकडे कंपनीवर क्लास ॲक्शन केस (म्हणजे काही जणांनी सगळ्या ग्राहकांच्या वतीने लढलेली केस) झाली आणि कंपनीने तडजोड, म्हणजे सेटलमेंट, केली तर त्या काळात तिकडे राहिलेल्या ग्राहकाला आपला वाटा मागता येतो, आज तो कुठेही राहत असो, हे बहुतेकांच्या गावीच नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

फॉर्म भरण्यासाठी पाचपैकी पाच. नाव, ईमेल, तेव्हाचा पत्ता, नोटीस आली असेल तर त्यातला क्लेम आयडी, खाली टिक आणि सही. वकील लागत नाही, फी नाही, छोट्या रकमेला बऱ्याचदा बिलसुद्धा मागत नाहीत. फक्त ती टिक म्हणजे शपथ असते बरं का. सिरी म्हणजे आयफोनमधली बोलून चालवायची मदतनीस, तिच्या केसमध्ये ॲपलने 95 मिलियन डॉलर द्यायचं कबूल केलं, प्रत्येक डिव्हाइसमागे जास्तीत जास्त 20 डॉलर, पण खाजगी बोलणं चालू असताना सिरी आपोआप सुरू झाली होती हे शपथेवर सांगायचं होतं. आमच्या घरात त्यावर चांगलंच वाजलं. बायको म्हणे मला आठवत नाही तर मी टिक मारणार नाही, आणि नाहीच मारली. बरोबरच आहे तिचं.

रकमेला मात्र तीन स्टार. वापरणाऱ्यांच्या खाजगी माहितीवरून झालेल्या केसमध्ये फेसबुकचा आकडा 725 मिलियन डॉलर, ऐकूनच माणूस हुरळतो, पण आधी वकिलांची फी आणि खर्च कापला जातो आणि उरलेले कोटीहून जास्त लोकांत वाटायचे असतात. क्लेमची मुदत ऑगस्ट 2023 ला संपली आणि पैसे यायला 2025 उजाडलं, माणशी साधारण 30 डॉलर. चार जणांचं सावजी होते त्यात, वरून पान. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीची तर गंमतच झाली. 2017 मध्ये 14 कोटींवर लोकांचा डेटा फुटला, सेटलमेंटमध्ये 125 डॉलर रोख मिळणार अशी बोंब उठली, पण त्या पर्यायासाठी ठेवलेले होते फक्त 31 मिलियन. भागाकार करून बघा, अडीच लाख माणसंसुद्धा पुरी होत नाहीत, आणि लोक तर तुटून पडले, मग काय, वाटा आटतच गेला.

आता खरी गोची, पैसे हातात कसे येतात. यासाठी दोन स्टार, तेही जास्तच. माझ्या मेव्हण्याने फॉर्ममध्ये चेक निवडला. चेक गेला तिकडच्या जुन्या पत्त्यावर, मित्राने कुणाच्या तरी हाती पाठवला, आणि वर बारीक अक्षरात छापलेलं की 90 दिवसांनी बाद. सीताबर्डीवरच्या एका बँकेत नेला तर काउंटरवरच्या दादाने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, डॉलरचे चेक आम्ही घेऊनच नाही राहिलो." दुसऱ्या बँकेने कलेक्शनला पाठवतो म्हटलं, पण चार्जेस ऐकले तर चेकपेक्षा जास्त! तो चेक अजून त्याच्या शोकेसमध्ये आहे. प्रीपेड कार्ड निवडलेल्या एका मित्राचं कार्ड फक्त अमेरिकेतच चालणारं निघालं. त्यामुळे तिकडचं बँक खातं चालू असेल तर डोळे मिटून थेट खात्यात जमा हाच पर्याय घ्या, आणि परत येताना ते खातं बंद करायची घाई करू नका.

अजून एक, कुणी "तुमचे सेटलमेंटचे पैसे सोडवायला आधी इतकी फी भरा" म्हटलं तर तो चोर समजा. खऱ्या सेटलमेंटमध्ये क्लेम करायचे पैसे घेत नाहीत. ईमेलमधल्या लिंकवर लगेच बोट ठेवू नका, साइटवर केस नंबर आणि कोर्टाचं नाव आहे का ते आधी पाहा. स्पॅम फोल्डर चाळत जा, खऱ्या नोटिसाही तिथंच पडून असतात.

इथं भारतात असं काही आहे का म्हणून विचारणारे भेटतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 35 खाली आयोगाची परवानगी घेऊन एकाने सगळ्यांच्या वतीने तक्रार करायची सोय आहे, पण घरबसल्या फॉर्म भरा आणि वाटा घ्या असा प्रकार आपल्याकडे रुळलेलाच नाही. स्वतःपुरती तक्रार असेल तर 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, किंवा आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून पाहा.