जुनं लिमा इंजिन: बॉडी ठेवा, मोटार बदला

मॉडेल रेल्वेच्या जुन्या इंजिनांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला माल म्हणजे लिमा. इटलीची ही कंपनी बुडाली आणि २००४ मध्ये हॉर्नबीने तिचे साचे घेतले. जुनी इंजिनं मात्र ऑनलाइन लिलावात ‘चालत नाही’ या शेऱ्यासह अजून येत असतात. आमचं मत आधीच सांगतो: बॉडी आणि चाकांसाठी घ्या, मोटारीसाठी घेऊ नका. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी इंजिनाच्या किमतीपेक्षा जड जाते, म्हणून दोन-तीन इंजिनं एकाच पार्सलात आणलेली बरी. लिमाची ब्रिटिश डिझेलं १:७६ प्रमाणाची आणि युरोपातली १:८७ ची. रूळ दोघांना १६.५ मिमी रुंदीचाच लागतो, पण शेजारी उभी केली की उंचीतला फरक डोळ्यात खुपतो.

बॉडीचं काम त्या किमतीत खरंच चांगलं आहे. रडगाणं आहे ते चपट्या पॅनकेक मोटारीचं. आर्मेचर, म्हणजे आत फिरणारा गुंडाळीचा भाग, तीनच पोलचं, त्यामुळे हळू चालवलं की गचके देते. वीज गोळा करणारी चाकंही मोजकीच: एका रुळाची वीज मोटारीच्या बोगीतून, दुसऱ्या रुळाची मागच्या बोगीतून. रबर चढवलेली चाकं तर वीज घेतच नाहीत. सांध्यावर धुळीचा कण आला की गाडी उभी. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मोटार बदलण्याआधी अर्धा तास सफाईला द्या. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं. त्यात कापूस भिजवून कम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो भाग) पुसा आणि त्याच्या तीन फटींत साचलेला कार्बन बांबूच्या टूथपिकने काढा. वाळलेलं ग्रीस खरवडून काढा. तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच, तेही प्लॅस्टिकला चालणारं. खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. नंतर मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून १२ व्होल्टवर चालवा. करंट अर्ध्या अँपिअरच्या वर राहत असेल आणि मोटार हाताला चटका देत असेल, तर तिच्यामागे वेळ घालवू नका.

तिच्या जागी बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हची ट्रे मोटार बसते, आणि ती भंगारवाल्याकडे फुकटात जमा आहे. ट्रे बाहेर ढकलणारीच घ्या. डिस्क फिरवणारी मोटार सहसा ब्रशलेस असते, ती नुसत्या दोन तारांवर फिरत नाही. शाफ्ट बहुतेक वेळा २ मिमीचा निघतो, तरी कॅलिपरने मोजाच. पिनियन, म्हणजे शाफ्टवरचा छोटा गिअर, जुन्याइतक्याच दातांचं आणि त्याच पिचचं हवं, नाहीतर करकर करत प्लॅस्टिकचा गिअर खाऊन टाकतं. लिमाचं चुंबक आणि ब्रश काढून मोकळ्या झालेल्या खाचेत नवी मोटार बसवा, दोन गिअरांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरा आणि दोन भागांचं इपॉक्सी लावून रात्रभर ठेवा. कागद काढल्यावर दातांत किंचित ढील राहिली पाहिजे. ग्लू-गनने चिकटवलेली मोटार मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत सरकते. सुपरग्लूच्या वाफेने खिडक्या पांढुरक्या होतात.

या मोटारी मुळात पाच व्होल्टच्या आसपास चालायच्या, १२ व्होल्टवर उधळतात. ४००७ नंबरचे दोन डायोड उलटसुलट समांतर जोडले की एक जोडी साधारण ०.७ व्होल्ट खाते, आणि गाडी दोन्ही दिशांना चालते. अशा चार जोड्या सिरीजमध्ये लावल्या की २.८ व्होल्ट गेले. कंट्रोलरचा नॉब तरीही शेवटपर्यंत फिरवायचा नाही. रेझिस्टरही चालतो, पण सुरुवातीचा जोर मरतो. नवी मोटार हलकी असल्याने चाकं घसरतात, म्हणून टायरच्या दुकानातली बॅलन्सिंगची चिकट वजनं ३०-४० ग्रॅम मोटारीच्या बोगीवर लावा. जुन्या रिलेच्या कॉन्टॅक्ट पट्ट्या कापून उरलेल्या धातूच्या चाकांना टेकवल्या की सांध्यावर अडकणं बरंच कमी होतं. मात्र पट्टी जोरात दाबली तर तीच ब्रेकचं काम करते.

गावातल्या लाइटीचा भरवसा नसतो, तेव्हा फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी, वेग कमी-जास्त करणारा एक साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि मध्ये १ अँपिअरचा फ्यूज एवढ्यावर काम भागतं. फ्यूज विसरलात तर इंजिन रुळावरून घसरून शॉर्ट झाल्याबरोबर तारा वितळतील.

रंगाचं थोडक्यात. गाड्यांच्या रंगाचा एनसी थिनर पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक विरघळवतो, म्हणून ॲक्रिलिकच वापरा. भर उन्हात स्प्रे हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत येतो, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मारा.

शकुंतला, म्हणजे विदर्भातली नॅरो गेज गाडी, करायची असेल तर मात्र लिमाचं हे इंजिन सोडा. तिचा ७६२ मिमी रुंदीचा रूळ १:८७ मध्ये ८.७६ मिमी येतो, म्हणजे ९ मिमीच्या एन गेजवर जवळपास नेमका बसतो. त्यासाठी एन गेजचं जुनं चासिस शोधा आणि त्यावर प्लॅस्टिक शीटची बॉडी चढवा. ब्रॉड गेजवाल्यांना मात्र तडजोड करावीच लागते: १६७६ मिमीला १:८७ मध्ये १९.३ मिमी हवेत, आणि लिमा चालतं १६.५ वर.